योजना फळाला आली, हे कोणी ठरवावयाचे?

(सीमाभागातील प्राथमिक शिक्षक व तरुण कार्यकर्ते यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चळवळीच्या अभ्यासवर्गात मूल्यमापनासारखा रुक्ष विषय कशाला, अशी कुजबुज सभागृहात शिरतानाच आमच्या कानी आली. प्रश्न रास्त आहे. मोर्चा, सत्याग्रह, हरताळ ही आपली ओळखीची साधने. पाहणी, नमुना आणि तक्ते ही सरकारी कारकुनांची, असा आपला समज आहे. परंतु २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तेव्हापासून या लढ्याचा एक मोठा भाग अशा चौकटीत गेला आहे की जेथे घोषणेला वजन नाही, पुराव्याला आहे. आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत मराठी माणसाला येथे राहावयाचे आहे, मुलाला शाळेत घालावयाचे आहे, तलाठ्याच्या दारात उभे राहावयाचे आहे. त्याच्यासाठी संरक्षणाच्या योजना आहेत असे सरकार सांगते. त्या योजना कागदावरच राहिल्या असे आपण सांगतो. या दोहोंपैकी खरे काय हे तिऱ्हाइताला पटेल अशा रीतीने कसे दाखवावयाचे, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम या संरक्षणाचा तपशील पाहू. राज्यघटनेच्या सातव्या दुरुस्तीने १९५६ साली ३५० अ आणि ३५० ब ही कलमे घातली. पहिल्याने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली, दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. त्याच वर्षी केंद्राने एक ज्ञापन काढले आणि १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेने त्यातील बहुतेक गोष्टींना दुजोरा दिला. एखाद्या तालुक्यात किंवा नगरपालिकेच्या हद्दीत भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक असतील तर महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत. शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले मागणी करणारी असतील तर त्यांच्या भाषेतील शिक्षक मिळावा. कागद उत्तम आहे. त्याला नावे ठेवण्याचे आम्हास कारण दिसत नाही.

आता या कागदाचे पुढे काय झाले हे पाहण्याची रीत कोणती होती? विशेष अधिकाऱ्याने, म्हणजे भाषिक अल्पसंख्याक आयुक्ताने, राज्यसरकारांकडे प्रश्नावली पाठवावयाची. राज्याने उत्तर द्यावयाचे. त्या उत्तरांवरून अहवाल तयार होऊन संसदेपुढे ठेवला जावयाचा. या आयुक्ताचे एक विभागीय कार्यालय बेळगावातच होते, तरीही मूळ रीत हीच. अमुक राज्याकडून उत्तर आले नाही, अशी नोंद खुद्द या अहवालांतच पुनःपुन्हा आढळते. ज्याच्या कारभाराची परीक्षा घ्यावयाची त्यालाच उत्तरपत्रिका लिहावयास सांगावयाचे, तपासावयासही त्यालाच सांगावयाचे आणि त्याने पत्रिका कोरी पाठविली तर कोरी आली असे लिहून ठेवावयाचे, याला अहवाल म्हणता येईल. मूल्यमापन म्हणता येणार नाही.

हा भेद या देशाला ठाऊक नव्हता असे मात्र नाही. २ ऑक्टोबर १९५२ ला समुदाय विकास योजना सुरू झाली त्याच महिन्यात नियोजन मंडळाने कार्यक्रम मूल्यमापन संघटना उभारली. योजना राबविणाऱ्या खात्याचा तिच्यावर हुकूम चालू नये हा त्यामागील हेतू होता. १९५७ मध्ये बलवंतराय मेहता यांच्या अभ्यासगटाने तर स्पष्टच सांगितले की ही योजना लोकांच्या अंगी स्वतःचा पुढाकार निर्माण करू शकली नाही. सरकारने स्वतःच्या आवडत्या योजनेबद्दल असे ऐकून घेतले आणि त्यातून पंचायत राज्याचा विचार पुढे आला. नियोजन मंडळ गेले आणि २०१५ मध्ये ती संघटना नीती आयोगातील नव्या कार्यालयात विलीन झाली, हा पुढचा इतिहास.

त्याच १९५७ सालचे दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी १९४८ च्या मुंबई कूळकायद्याच्या अंमलबजावणीची तपासणी प्रसिद्ध केली. हा कायदा तेव्हाच्या मुंबई राज्याचा, म्हणून तो बेळगावच्या कुळालाही लागू होता. सरकारी दप्तर पाहिले तर कायदा जागच्या जागी होता, आणि जी कुळे जमिनीवरून गेली ती स्वखुशीने राजीनामे देऊन गेली होती. तपासणारे शेतावर आणि कुळाच्या दारी गेले तेव्हा कायद्याचा अंमल फारसा झालाच नसल्याचे आणि ‘स्वखुशी’ हा शब्द विश्वास ठेवण्यासारखा नसल्याचे दिसून आले. दप्तर खोटे नव्हते. कुळाने अंगठा उठविला होता हे खरेच होते. फक्त अंगठा का उठविला, हा रकाना दप्तरात नव्हता.

तेव्हा दारी जावे लागते. पण दारी जाऊन जे दिसते ते योजनेमुळे घडले की आपोआप घडले, हा याहून अवघड प्रश्न आहे, आणि येथे भलेभले फसतात. याचे एक उदाहरण दूरच्या देशातील आहे; तरी त्यातील खुबी सीमेवर राहणाऱ्या माणसाला चटकन कळेल. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात १९५५ साली रस्त्यावरील अपघातांत ३२४ माणसे मेली. गव्हर्नर रिबिकॉफ यांनी भरधाव मोटारी हाकणाऱ्यांवर कडक इलाज सुरू केला. १९५६ मध्ये मृत्यू २८४ वर आले. चाळीस प्राण वाचले, शेकडा बारांहून अधिक घट झाली, मोहीम यशस्वी झाली, असे गव्हर्नरांनी जाहीर केले. आपल्याकडील कोणताही मंत्री याहून निराळे काही बोलला नसता.

१९६८ मध्ये डोनाल्ड कॅम्बेल आणि लॉरेन्स रॉस या दोन अभ्यासकांनी हा हिशेब पुन्हा मांडला. त्यांनी दोन वर्षे न घेता मागची-पुढची अनेक वर्षे घेतली. तेव्हा दिसले की मृत्यूंचा आकडा दरवर्षी वरखाली होतच असतो आणि १९५५ हे विलक्षण वाईट वर्ष होते. विलक्षण वाईट वर्षानंतरचे वर्ष, कोणी काही न केले तरी, बहुधा थोडे बरे निघते. आजार शिगेला पोचला की माणूस वैद्याकडे जातो आणि उतार पडला की श्रेय काढ्याला मिळते, तसाच हा प्रकार. पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट केली: न्यूयॉर्क, न्यूजर्सी, ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्स या शेजारच्या राज्यांचे आकडे शेजारी ठेवले. हवामान साधारण तेच, मोटारी त्याच, रस्ते सारखेच. मोहीम तेवढी एकाच राज्यात. तेव्हा त्या मोहिमेच्या पदरात घालावयाचे श्रेय बरेच आकसले.

‘पूर्वी असे होते, आता तसे आहे’ एवढ्यावर योजनेचे यश किंवा अपयश ठरत नाही. योजना नसती तर काय झाले असते, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर प्रत्यक्ष पाहता येत नाही, म्हणून जेथे योजना नव्हती पण बाकी सारे जवळजवळ सारखे होते असे ठिकाण शोधावे लागते. धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभाची पाहणी १९३८-३९ च्या सुमारास केली ती याच रीतीने: पाटाच्या पाण्याखालील मुलूख आणि त्याला लागून असलेला कोरडवाहू मुलूख यांची तुलना. तो ग्रंथ १९४८ मध्ये निघाला. कालव्याने समृद्धी आली हे सांगावयास पाहणी नको होती. किती आली, कोणाच्या घरी आली आणि कालव्याविनाही कितपत आली असती, यासाठी ती हवी होती.

असे ठिकाण आयते मिळत नसेल तर चिठ्ठ्या टाकून ते निर्माण करता येते. वडोदऱ्यात, जेथे आपले मराठी बांधव पिढ्यान्‌पिढ्या राहतात, २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी योजनेची परीक्षा अशीच झाली. मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर काढून वस्तीतीलच एका मुलीने रोज दोनएक तास शिकवावयाचे, अशी ती योजना. काही शाळांना बालसखी द्यावी आणि काहींना देऊ नये, तर न मिळालेल्या शाळांवर अन्याय. म्हणून निम्म्या शाळांना ती तिसरीसाठी दिली, निम्म्यांना चौथीसाठी. पुढच्या वर्षी अदलाबदल केली. कोणतीही शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही, आणि दोन्ही इयत्तांना तुलनेसाठी जोडीदार मिळाला. मुले सुधारली, विशेषतः तळाची. योजना सुटल्यावर वर्षभराने त्या लाभाचा बराच भाग ओसरलेलाही दिसला, आणि अभ्यासकांनी तेही छापले. या अभ्यासातील अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, म्हणून तो आज जगाला माहीत आहे. आमच्या मते त्या अदलाबदलीची कल्पना कोणत्याही जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्याला सुचावयास हरकत नव्हती.

आता आपल्या अंगणात येऊ. येथे चिठ्ठ्या टाकण्याचे काम दिल्लीने १९५६ मध्येच आमच्यासाठी करून ठेवले आहे, फक्त चिठ्ठ्या न टाकता. राज्यपुनर्रचना कायद्याने मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात घातला, तो चंदगड तालुका वगळून. ३१ ऑक्टोबरच्या रात्रीपर्यंत चंदगड आणि खानापूर एकाच जिल्ह्याचे, एकाच कलेक्टरचे, एकाच शाळाखात्याचे तालुके होते. दोन्हीकडे सह्याद्रीचा पाऊस, भात आणि नाचणी, तीच बोली, तीच आडनावे, लेकीबाळींची देवाणघेवाण. सकाळी एक कोल्हापूर जिल्ह्यात गेला, दुसरा म्हैसुरात राहिला. पुढे महाजन आयोगाने, ज्याचा अहवाल आपण कधीच मान्य केला नाही, त्यानेदेखील १९६७ मध्ये खानापूर आणि नंदगड महाराष्ट्राला द्यावेत असे लिहिले. म्हणजे मराठीपणाच्या बाबतीत हे दोन तालुके तुलना करण्याजोगे होते, याची साक्ष आपल्या विरुद्ध गेलेल्या कागदातही आहे. एवढी स्वच्छ जोडी संशोधकाला क्वचितच मिळते, आणि इतक्या वर्षांत आपण तिचा उपयोग केवळ भाषणातील उमाळ्यासाठी केला.

हिशेब कसा मांडावयाचा ते सांगतो. खानापुरातील मराठी शाळांचा पट घसरला, हे आपण दर सभेत बोलतो. न्यायालयात विरुद्ध पक्षाचा वकील उठून एकच प्रश्न विचारील: चंदगडात घसरला नाही काय? इंग्रजी माध्यमाची ओढ सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. मुले कमी जन्मतात ती दोन्हीकडे. गावे रिकामी करून पुण्या-मुंबईस जाणारे दोन्हीकडे. आणि दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेंवर शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचा निर्णय २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारनेच घेतला होता, हेही त्या वकिलाला ठाऊक असेल. या प्रश्नापुढे आवाज चढवून भागणार नाही. उत्तर असे द्यावे लागेल: समजा, एका ठरावीक काळात खानापुरात मराठी शाळांतील शंभर मुलांमागे चाळीस कमी झाली आणि चंदगडात पंचवीस. हे आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत, कोणी उचलून छापू नयेत. तर पंचवीसांचा दोष काळाचा. वरच्या पंधरांचा जाब राज्यकारभाराला विचारता येईल. चाळीसांचा जाब विचारणारा वादी चाळीसही गमावतो आणि पंधराही. पंधरांवर ठाम उभा राहणारा हलत नाही.

ही जोडीदेखील डोळे मिटून घेता येणार नाही. खानापूर तालुक्यातून लोहमार्ग जातो, लोंढ्यासारखे जंक्शन त्यात आहे. चंदगडला रेल्वे नाही. चंदगडकराला बाजाराला, दवाखान्याला कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ. त्यामुळे बेळगावात जे घडते त्याचा वारा चंदगडलाही लागतो आणि फरक असतो त्याहून कमी दिसू शकतो. म्हणून एका जोडीवर विसंबू नये. निपाणीसमोर कागल ठेवावे. आणि दोन्ही बाजूंची आरंभीची स्थिती, १९५१ च्या जनगणनेची, प्रथम मांडावी; दोघे एकाच पायरीवरून निघाले होते की नाही हे ठरल्याखेरीज कोण किती उतरला हे सांगता येत नाही. अलीकडच्या काळासाठी शाळानिहाय माध्यम आणि पटसंख्या सरकारच्याच ‘युडायस’ नोंदीत आहे. ती प्रथम उतरवून घ्यावी. चार शिक्षकांना एका सुट्टीत होण्यासारखे काम आहे.

येथे आमच्या काही मित्रांना न रुचणारी गोष्ट सांगणे प्राप्त आहे. जत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर येथे कन्नड भाषिक महाराष्ट्रात आहेत आणि तेही भाषिक अल्पसंख्याकच आहेत. जी प्रश्नपत्रिका खानापुरात न्यावयाची तीच, एक अक्षर न बदलता, जतला नेली पाहिजे. तेथील कन्नड शाळेला शिक्षक मिळतो काय, कन्नड माणसाला सूचना त्याच्या भाषेत मिळते काय? महाराष्ट्राने तेथे चांगले वागविले असे निघाले तर आपल्या बाजूचा याहून मोठा पुरावा दुसरा नाही. वाईट वागविले असे निघाले तर मुंबईच्या सरकारला ते आपणच प्रथम ऐकविले पाहिजे, नाहीतर बंगळूर ते ऐकवील. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, या न्यायाने केलेली पाहणी विकत घ्यावयास कोणी तयार होत नाही.

आता गावे निवडण्याविषयी. शितावरून भाताची परीक्षा होते असे आपण म्हणतो. परंतु घरातील बाई शीत काढण्यापूर्वी डाव घालून भात हलविते, हे आपण विसरतो. वरचे शीत काढले तर भात कच्चा वाटेल, तळचे काढले तर करपलेला. आपल्या सभांना येणारी गावे ही वरची शिते आहेत. महाराष्ट्राने दावा सांगितलेली ८६५ गावे यादीत आहेत. त्यांतून चिठ्ठ्या टाकूनच गावे निवडावीत. बिदरकडील गावे, कारवार-सुपे-हल्याळकडील गावे आणि बेळगावकडील गावे यांचे वेगळे ढीग करावेत, कारण बिदर १९५६ पूर्वी हैदराबाद राज्यात होते आणि त्याची सुरुवातच निराळी आहे. चिठ्ठीत ज्या गावी आपली शाखा नाही असे गाव निघाले तर ते बदलावयाचे नाही. तेथेच जावयाचे.

दारी गेल्यावर मत विचारू नये, कागद मागावा. ‘तुमच्यावर अन्याय होतो काय?’ असे आपल्या बिल्ल्याच्या माणसाने विचारले तर उत्तर काय येणार हे पाहणीपूर्वीच सांगता येते. त्याऐवजी घरात असलेला जमिनीचा उतारा, ग्रामपंचायतीची शेवटची नोटीस, वीजबिल, शिधापत्रिका पाहावी आणि कोणत्या भाषेत आहे एवढेच लिहावे. गेल्या वर्षभरात मराठीत अर्ज दिला होता काय, पोच मिळाली काय, मिळाली असल्यास तिची तारीख लिहावी. मुलाला दुसरीच्या पुस्तकातील परिच्छेद वाचावयास द्यावा, मराठीतही आणि कन्नडमध्येही. जो कन्नड वाचतो त्याची नोंद नाराजीने करू नये. शेजारच्या भाषेचा आपण कधीच द्वेष केलेला नाही आणि पाहणीतही तो डोकावता कामा नये. पाहणीदार दोन्ही भाषा जाणणारा असावा, स्वतःच्या गावात नेमू नये, आणि दहा घरांपैकी एका घरी दुसऱ्याने पुन्हा जाऊन पडताळा घ्यावा.

आणखी एक शिस्त आहे आणि ती सर्वांत कठीण आहे. पाहणीस निघण्यापूर्वी, काय आढळेल असे आपल्याला वाटते आणि काय आढळले तर आपले म्हणणे खोटे ठरेल, हे एका कागदावर लिहून, लिफाफा बंद करून, चळवळीबाहेरच्या एखाद्या वकिलाच्या किंवा प्राध्यापकाच्या स्वाधीन करावे. आकडे आल्यानंतर मागणी बदलून त्यांना साजेशी करून घेण्याचा मोह मोठमोठ्या सरकारांना आवरत नाही; आपल्याला आवरेल असे आम्ही गृहीत धरीत नाही. लिफाफा असला म्हणजे मोह पडण्याचे कारण उरत नाही. निष्कर्ष प्रतिकूल आला तरी आमच्या या पानावर तो छापला जाईल, हे आश्वासन आम्ही या व्यासपीठावरून देतो.

न्यायालयाच्या तारखा आपल्या हाती नाहीत. २०२१ ची जनगणना ठरल्या वर्षी झाली नाही. म्हणून मातृभाषेचा तालुकावार आकडा काढू गेले की माणूस २०११ वर जाऊन थांबतो. ही पोकळी भरून काढण्याची ताकद आपल्यात नाही आणि तसा आव आणूही नये. साठ-सत्तर गावे, दोन्ही बाजूंची मिळून, नीट पाहिली तर पुरे. खर्च मोठा नाही. वेळ शिक्षकांच्या उन्हाळी सुट्टीचा आहे.

प्रश्नपत्रिकेचा कच्चा नमुना दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. तो वाचून, ज्या प्रश्नाचे उत्तर विचारण्यापूर्वीच ठाऊक आहे असे वाटेल त्यावर पेन्सिलीने काट मारून परत द्यावा. चंदगड व कागल येथील शिक्षकमंडळींनी नावे नोंदविल्याशिवाय जाऊ नये. खानापूर व निपाणीकडील माणसे पुरेशी आहेत, पलीकडची कमी आहेत.